प्लॅटफॉर्म गेममध्ये चढता येणारी जाळी कशी बनवायची: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

प्लॅटफॉर्म गेम बनवायला घेतला की धावणं आणि उडी मारणं लवकर जमतं. युट्यूबवर त्याचे धडे ढिगाने आहेत, शिडीचेही आहेत. तारेच्या जाळीचं मात्र धड काही हाती लागत नाही, आणि ज्यांनी शिडी केलेली असते ते जाळीला नुसती रुंद शिडी समजतात. पण शिडीवर खेळाडूला वर आणि खाली एवढंच असतं. जाळीवर तो आडवा, उभा, तिरका कसाही सरकतो, मधूनच उडी मारून सुटतो, हवेतून परत पकडतो. शिवाय जाळीला मागची बाजू असते. म्हणून इथे खरं काम पकडण्याचं आणि सोडण्याचं आहे. चढणं त्या मानाने किरकोळ.

जाळी नीट कशी असते हे बघायचं तर १९९० साली जपानमध्ये निन्टेंडोच्या सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर आलेला सुपर मारिओ वर्ल्ड बघा. त्यातला पहिलाच किल्ला, इगी नावाच्या शत्रूचा. मारिओला पाठीवर घेणारा डायनासोर योशी दारातच थांबतो, मारिओ एकटा आत जातो आणि लाव्हाच्या वर टांगलेल्या जाळ्यांवरून पुढे सरकतो. जाळीवर कासवं चढलेली असतात, हिरवी सावकाश आणि लाल भराभर. जाळीत मध्येमध्ये फिरती झडप असते. तिच्यावर असताना ठोसा मारला की झडप गर्रकन फिरते आणि मारिओ पलीकडच्या बाजूला जातो. कासव पलीकडे असेल तर जाळीवर ठोसा मारून त्याला पाडताही येतं. एवढ्याशा गोष्टींवर अख्खी खोली उभी आहे. आपण हेच बनवायचंय.

आधी हे गोळा करा

- गोडो इंजिन (गेम बनवायचं सॉफ्टवेअर), ४.३ किंवा त्यापुढची आवृत्ती. फुकट आहे, एमआयटी परवान्याचं आहे, जुन्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी चालतं.
- धावणारा आणि उडी मारणारा प्लेयर, म्हणजे पडद्यावरचं पात्र. (बटणं दाबणाऱ्या माणसाला इथून पुढे खेळाडू म्हणू.) गोडोमध्ये कॅरेक्टरबॉडी-टूडी या नोडला (नोड म्हणजे गेमचा एक सुटा भाग) स्क्रिप्ट जोडताना तयार टेम्प्लेट मिळतं, ते पुरे.
- जाळीची, जमिनीची आणि एका शत्रूची चित्रं. स्वतः काढायची तर पिस्केल ब्राउझरमध्येच चालतं. तयार हवी तर केनीच्या साइटवरची घ्या. ती सीसी-झिरो आहेत, श्रेयही द्यावं लागत नाही.
- चौकटींची वही. गणिताची असते तीच.
- एक गेमपॅड, उसना मिळाला तरी चालेल. का ते शेवटी.

एक सूचना आत्ताच. टाइलमॅप म्हणजे छोट्या चौकोनी चित्रांनी, टाइलनी, लेव्हल भरायची सोय. तिचे जुने व्हिडिओ बघत असाल तर त्यात एकाच नोडमध्ये अनेक थर दिसतील. ४.३ पासून प्रत्येक थर म्हणजे वेगळा टाइलमॅपलेयर नोड असतो. जुना नोड अजून चालतो, पण नवीन काम त्यावर सुरू करू नका.

१. नियम कागदावर ठरवा

कोड लिहिण्याआधी या प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून टाका. जाळी आपोआप पकडली जाते की वरचं बटण दाबावं लागतं? जाळीवरून उडी मारता येते का? हात सुटेपर्यंत कितीही वेळ लटकता येतं, की दम संपतो? कडेला आल्यावर प्लेयर थांबतो की पडतो? दोन बाजू आहेत का?

माझं मत विचाराल तर वरचं बटण दाबल्यावरच पकडू द्या. आपोआप पकडणारी जाळी सुरुवातीला सोयीची वाटते, पण मग जाळीसमोरून नुसतं उडी मारत जाताच येत नाही, प्लेयर प्रत्येक वेळी चिकटतो.

दमाचा नियम हवा असेल तर २०१८ च्या सेलेस्ट या गेमचा हिशोब बघण्यासारखा आहे. त्यात दम ११० एकक असतो. भिंतीला नुसतं धरून राहिलं तर सेकंदाला १० खर्च होतात, वर चढताना सुमारे ४५, आणि भिंतीवरून सरळ वर मारलेल्या प्रत्येक उडीला २७.५. म्हणजे चार उड्यांत खेळ खलास. जमिनीला पाय लागला की सगळा दम परत. दम २० च्या खाली गेला की त्यातली नायिका मॅडेलिन लाल चमकायला लागते, त्यामुळे पडद्यावर वेगळी पट्टी काढावी लागली नाही. पहिल्या जाळीत दम घालू नका, पण हे आकडे लक्षात ठेवा. पाचव्या पायरीत यांचा उपयोग आहे.

२. जाळीची टाइल

जाळीसाठी वेगळा टाइलमॅपलेयर घ्या. १६ पिक्सेलची चौकोनी टाइल सोयीची. या टाइलला कोलिजन, म्हणजे आदळण्याची हद्द, अजिबात द्यायचं नाही, नाहीतर प्लेयर जाळीवर आदळेल. त्याऐवजी टाइलसेटमध्ये कस्टम डेटा लेयर बनवा, त्याला 'चढता येतं' असं काहीतरी नाव द्या (कोडमधलं नाव अर्थातच इंग्रजी अक्षरांत), प्रकार बूल (हो किंवा नाही) ठेवा, आणि जाळीच्या टाइलवर ते चालू करा. मग कुठल्याही बिंदूखाली जाळी आहे का हे विचारणं सोपं होतं: बिंदूवरून सेल, म्हणजे टाइलची चौकट, शोधा, सेलवरून टाइल डेटा काढा, त्यातून ही खूण वाचा. सेल रिकामा असेल तर टाइल डेटाही रिकामा येतो. तो तपासल्याशिवाय खूण वाचलीत तर गेम तिथेच अडकेल.

आता दिसण्याबद्दल. चढायची जाळी आणि शोभेची जाळी एकसारखी काढू नका. गेममधली अर्धी चिडचिड इथून येते. मागच्या देखाव्यात कारखान्याचं कुंपण काढलेलं असतं, खेळाडू त्यावर उडी मारून वरचं बटण दाबतो आणि सरळ खड्ड्यात जातो. चढायच्या जाळीला जाड चौकट द्या आणि उजळ रंग द्या. देखाव्यातली जाळी फिकट ठेवा, किंवा ठेवूच नका.

३. पकडणं

प्लेयरच्या स्क्रिप्टमध्ये दोन अवस्था करा: साधी आणि जाळीवरची. वरचं बटण दाबलेलं आहे आणि बिंदूखाली जाळी आहे, या दोन्ही गोष्टी जुळल्या की अवस्था बदला आणि वेग शून्य करा. जाळीवरच्या अवस्थेत गुरुत्वाकर्षणाची ओळ चालूच द्यायची नाही.

प्रश्न असा की कुठला बिंदू तपासायचा. बहुतेक जण प्लेयरचा पूर्ण आयत घेतात आणि तो जाळीला कुठेही टेकला की 'पकडली' म्हणतात. त्याने काय होतं ते एकदा करून बघाच. बुटाचं टोक जाळीच्या कोपऱ्याला लागतं आणि प्लेयर वाळत घातलेल्या शर्टासारखा हवेत लटकतो. म्हणून एकच बिंदू घ्या, छातीच्या उंचीवर, मधोमध. त्या बिंदूवर एक मार्कर-टूडी नोड ठेवा म्हणजे एडिटरमध्ये दिसतो आणि हलवताही येतो. आपण त्याला पकड-बिंदू म्हणू.

दुसरी भानगड गोडोच्या अक्षांची. तिथे वाय खाली वाढतो, वर जाणं म्हणजे उणे. उडीच्या वेळी हे लक्षात असतं, जाळीच्या वेळी नेमकं उलटं होतं.

४. सरकणं

चारही दिशा एकदम वाचण्यासाठी गोडोचं गेट-व्हेक्टर वापरा. ते तिरक्या दिशेची लांबी १ च्या वर जाऊ देत नाही. आडवं आणि उभं वेगवेगळं वाचून जोडलंत तर तिरका वेग १.४१ पट होतो, आणि हुशार खेळाडू जाळीवर कायम नागमोडी चालतो.

टेम्प्लेटमध्ये धावण्याचा वेग ३०० असतो. जाळीवर तेवढा ठेवू नका, ९० च्या आसपास घ्या. जाळीवर माणूस हळूच जातो, आणि हळू जातो म्हणूनच समोरून येणाऱ्या कासवाची भीती वाटते. डाँकी काँग ज्युनियरमध्ये (१९८२) हाच वेग खेळाचा भाग केलाय: माकड दोन वेली धरून भराभर वर जातं, आणि एकच वेल धरली तर झपकन खाली येतं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात कॅसेटचे गेम मिळायचे, त्यात हा गेम अनेकांनी खेळलाय, कारण तो जपानी फॅमिकॉमच्या अगदी पहिल्या तीन गेमांपैकी होता. पुन्हा खेळून बघा. शत्रू खाली येताना दिसला की एक हात सोडायचा की दोन्ही वेली धरून वर पळायचं, हा निर्णय क्षणात घ्यावा लागतो. साध्या वेलीतून एवढं निघतं.

कडेला काय करायचं? माझ्या मते थांबवा. प्लेयर हलण्याआधी पकड-बिंदू पुढच्या फ्रेमला कुठे असेल ते काढा. तिथे जाळी नसेल तर त्या अक्षाचा वेग शून्य करा. फक्त त्या अक्षाचा! दोन्ही अक्ष एकदम तपासलेत तर उजव्या कडेला येऊन तिरकं वर जाणारा प्लेयर जागच्या जागी गोठतो. वेगळे तपासलेत तर तो कडेकडेने वर घसरत जातो, तेच हवं.

वरची कड मात्र वेगळी हाताळावी लागते. जाळीच्या माथ्यावर फळी असेल तर तिला वन-वे कोलिजन द्या, म्हणजे खालून वर जाता येतं. पण पकड-बिंदू छातीवर आहे. जाळी संपते तिथे छाती थांबते आणि पाय फळीच्या खालीच राहतात. खेळाडू वरचं बटण दाबत बसतो, प्लेयर ढिम्म. यावर उपाय म्हणजे माथ्याला आल्यावर वरचं बटण दाबलेलंच असेल तर आपणहून एक छोटी उडी द्यायची. ती इतकीच की पाय फळीच्या वर येतील. जाळी फळीच्या वर दोन टाइल वाढवूनही चालतं, पण ते दिसायला वाईट.

५. सोडणं

इथे सगळे अडकतात, म्हणून जरा सावकाश वाचा.

खेळाडू वरचं बटण दाबून चढतोय. तसंच बोट ठेवून तो उडीचं बटण दाबतो. अवस्था साधी होते, वेग वरच्या दिशेने मिळतो. गोडोची भौतिकी सेकंदाला ६० वेळा चालते, म्हणजे पुढची फेरी एका साठांश सेकंदात. त्या फेरीत पकड-बिंदू अजून जाळीवरच असतो आणि वरचं बटणही दाबलेलंच असतं. दोन्ही अटी जुळल्या, पुन्हा पकडली, वेग शून्य. पडद्यावर काय दिसतं? काहीच नाही. खेळाडू म्हणतो उडीचं बटण बिघडलंय.

पहिला सुचणारा उपाय म्हणजे सुटल्यावर ०.२ सेकंद पकडबंदी. अडकणं थांबतं, पण आता गणित करा. टेम्प्लेटमधली उडी ४०० ची आणि गुरुत्वाकर्षण ९८०. ०.२ सेकंदात प्लेयर सुमारे ६० पिक्सेल वर जातो. वरचं बटण धरून उडीचं बटण बडवत राहिलं तर तो सेकंदाला ३०० पिक्सेल चढतो, आणि आपण ठरवलेला चढण्याचा वेग आहे ९०. तुमची कासवं, तुमची झडप, सगळं बाजूला राहतं, खेळाडू बेडकासारखा वर जातो.

मला पटलेला मार्ग असा: उडी मारून सुटल्यावर वरचं बटण एकदा सोडून नव्याने दाबल्याशिवाय जाळी पकडायची नाही, आणि शिवाय प्लेयर खाली येऊ लागल्यावरच पकडायची. म्हणजे वायचा वेग शून्य किंवा अधिक झाल्यावर. नवखा खेळाडू यात गोंधळत नाही, कारण पडायला लागलं की माणूस आपोआप बटण परत दाबतो. जाळीवरून मारलेली उडीही २५० पर्यंत कमी करा, ती जेमतेम दोन टाइल उंच जाते. तुम्हाला उड्या मारत चढणं मुद्दाम ठेवायचं असेल तर सेलेस्टसारखी किंमत लावा.

खालचं बटण आणि उडी एकत्र दाबलं तर उडी न देता नुसतं सोडून द्या. आणि जाळीवरून पडल्यावर ०.१ सेकंदापर्यंत उडी चालू द्या. सेलेस्टमध्ये कडेवरून पाय सुटल्यावर एवढीच सवलत मिळते आणि ती कोणाच्या लक्षातही येत नाही.

६. मागची बाजू

पहिला गेम असेल तर ही पायरी गाळलीत तरी चालेल. पण जाळीची मजा इथेच आहे.

प्लेयरला 'बाजू' नावाचं एक व्हेरिएबल द्या: पुढची किंवा मागची. मागे गेला की त्याचा झेड-इंडेक्स (कोण पुढे, कोण मागे दिसेल ते ठरवणारा आकडा) जाळीच्या खाली घ्या आणि मॉड्युलेट या रंगाच्या सेटिंगने त्याला किंचित गडद करा, नाहीतर पातळ तारांमधून तो पुढे आहे की मागे हे कळत नाही. इजा करणाऱ्या एरिया-टूडीसाठी (स्पर्श ओळखणारा नोड) दोन कोलिजन लेयर वापरा, एक पुढच्या शत्रूंचा, एक मागच्या. गोडोमध्ये असे ३२ लेयर मिळतात. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये त्यांना नावं द्या, आकड्यांवर विसंबू नका. बाजू बदलली की प्लेयरचा मास्क, म्हणजे कुठल्या लेयरचा स्पर्श ओळखायचा ते, बदलायचा, बस.

फिरती झडप म्हणजे तीन-चार टाइलचा एक चौकोन, ज्यावर असताना ठोशाचं बटण दाबलं की बाजू उलटते. फिरण्याचं अ‍ॅनिमेशन ०.३ सेकंद पुरे. त्या वेळात बटणं ऐकायची नाहीत आणि इजाही होऊ द्यायची नाही. दुसरी गोष्ट विसरलात तर अर्धवट फिरलेल्या प्लेयरला दोन्ही बाजूंची कासवं मारतात. झडप नसलेल्या जागी तेच बटण म्हणजे ठोसा: पलीकडच्या लेयरवर क्षणभर एक छोटा एरिया चालू करायचा.

शत्रूंना अक्कल देऊ नका. ठरलेल्या रेषेवर, ठरलेल्या वेगाने, टोकाला जाऊन परत. पाठलाग करणारा शत्रू जमिनीवर ठीक आहे. जाळीवर खेळाडूचा वेगच कमी, तिथे पाठलाग म्हणजे नुसता जाच. एक सावकाश आणि एक वेगवान असे दोन प्रकार, दोन रंग, एवढ्यावर बरंच काही रचता येतं. ती जुनी हिरवी-लाल वाटणी उगाच नाही.

७. लेव्हल मांडणं

वहीत १ चौकट म्हणजे १ टाइल धरून काढा. पहिल्या जाळीखाली साधी जमीन ठेवा, पडलं तरी काही होऊ नये, आणि पुढे जायला जाळी पकडण्याशिवाय मार्ग नको. म्हणजे कुठलीही सूचना न लिहिता खेळाडू वरचं बटण शोधतो. दुसऱ्या जाळीखाली खड्डा. मग कासव. झडप सगळ्यात शेवटी, आणि तिची पहिली ओळखही सुरक्षित जागीच.

जाळीतून टाइल पुसून भोकं पाडली की उडीला काम मिळतं. भोकं मोजून पाडा. ४०० ची उडी जास्तीत जास्त ८१ पिक्सेल, म्हणजे पाच टाइल उंच जाते. कागदावर पाच जमतं म्हणून पाच ठेवू नका, उभ्या दिशेला तीन ठेवा. जाळीवरची उडी २५० केली असेल तर एकच.

कॅमेराही बघा. बरेच जण उडीबरोबर कॅमेरा हलू नये म्हणून उभ्या दिशेला ढील देतात. जाळीवर ती ढील काढून टाका आणि चढण्याच्या दिशेला थोडं पुढचं दाखवा, नाहीतर वरचं कासव डोक्यावर आल्यावरच दिसतं.

८. दुसऱ्याच्या हातात द्या

गेम न बनवणाऱ्या माणसाला द्या आणि तोंड बंद ठेवा. माझ्या मावसभावाने पहिल्या जाळीसमोर उभं राहून उडीचं बटण दाबून दाबून हात दुखवून घेतला. जाळी जमिनीपासून दोन टाइल वर सुरू होत होती आणि वरचं बटण त्याने उडी मारून हवेत असताना दाबायला हवं होतं. जाळी जमिनीपर्यंत खाली ओढली, प्रश्न मिटला.

मग गेमपॅड. कीबोर्डवर वर म्हणजे वर. अ‍ॅनालॉग दांडीवर उजवीकडे धावताना अंगठा थोडा वर जातोच, आणि जाळीसमोरून धावणारा प्लेयर मध्येच चिकटतो. त्यासाठी पकडण्याची अट वेगळी ठेवा: दांडी निम्म्याहून जास्त वर असेल आणि आडव्यापेक्षा उभी जास्त झुकलेली असेल तरच. सरकण्यासाठी मात्र ही अट नको, तिथे दांडी सगळ्या दिशांना चालू द्या.

फोनवर चालवणार असाल तर आणखी एक. टच बटणांवर वर धरून ठेवून त्याच अंगठ्याने उजवीकडे सरकणं होतं, आणि दोन बटणांच्या मधल्या फटीत बोट गेलं की वरचं बटण क्षणभर सुटतं. पकडताना वर लागतं, पण एकदा पकडल्यावर धरून राहायला कुठलंच बटण लागता कामा नये. हे कोडमध्ये एकदा तपासून घ्या. जाळीवरच्या अवस्थेतून बाहेर पडायच्या वाटा उडी, खालचं बटण आणि उडी, इजा, आणि खाली सरकताना पाय जमिनीला लागणं एवढ्याच असाव्यात.